शनिवारची चिठ्ठी

आमच्या घरीं दर रविवारीं सकाळीं पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या कीं मामंजी चष्मा पुसतात आणि विचारतात, "काय सूनबाई, या आठवड्याची चिठ्ठी कोठें आहे?" ही चिठ्ठी म्हणजे एखाद्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा असतो आणि तीवर तीन ओळी असतात. त्या आठवड्यांत मला मनापासून आवडलेली एक गोष्ट कलेच्या किंवा वाङ्मयाच्या प्रांतांतली, एक यंत्रांच्या प्रांतांतली आणि एक घरांतली. तिन्ही शनिवारीं रात्रीं लिहावयाच्या आणि रविवारीं सर्वांसमक्ष वाचून दाखवावयाच्या. सात वर्षें हा क्रम चालूं आहे. एरवीं ही घरगुती गंमत छापण्याजोगी आहे असें मला वाटलें नसतें. परंतु गेल्या महिन्यांतील एका चिठ्ठीच्या निमित्तानें आमच्या घरांत जें घडलें तें सांगावेंसें वाटतें, कारण ज्या घरांवर पुढेंमागें तोच प्रसंग येणार आहे अशीं घरें पुण्यांत थोडीं नाहींत.

प्रथम, चिठ्ठी कां सुरू झाली तें सांगतें. मी भाषांतरें करतें. कोणाची नोकर नाहीं. काम येईल तसें घ्यावें, पुरें करावें, बिल पाठवावें आणि पैशांची वाट पाहावी, असा हा स्वतंत्र व्यवसाय आहे. आज औषधाच्या डबींतल्या सूचना, उद्यां पंपाची माहितीपुस्तिका, परवां मुलांचें गोष्टींचें पुस्तक. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७९ सालीं सरकारी शाळेंतली नोकरी सोडली आणि ते लेखणीच्या भरंवशावर राहिले, याचें कौतुक आपण शाळेंत असतांना वाचलेलें असतें. 'निबंधमाले'चे ८४ अंक त्यांनीं जवळजवळ एकहातीं लिहून काढले. तथापि शास्त्रीबोवा लिहावयास बसले असतां त्यांना कोणी "जरा दुधाकडे लक्ष ठेवा हो" असें सांगून बाहेर गेलें असेल, असें वाटत नाहीं! घरीं बसून काम करणारी बाई एकत्र कुटुंबांत 'घरींच असते', एवढेंच सर्वांना दिसतें. गॅसवाला आला, ती घरींच आहे. पाहुणे उतरले, ती घरींच आहे. महिन्याकांठीं तिचे पैसे आले तर तें काम, आणि तीन महिने अडकून राहिले तर तो तिचा छंद.

दुसरी अडचण माझी स्वतःची होती. दिवसभर संगणकापुढें आणि फोनपुढें बसणाऱ्या माणसाला कोणतें गाणें ऐकावें, कोणतें पुस्तक घ्यावें, कोणती कढई चांगली, हें तें यंत्रच न विचारतां सुचवीत असतें. काल जें पाहिलें त्याच्याच जातीचें आज पुढें करावयाचें, असा त्याचा हिशेब. सात वर्षांपूर्वीं माझी पुतणी, तेव्हां ती आठ वर्षांची होती, शाळेच्या निबंधासाठीं विचारावयास आली, "काकू, तुला सगळ्यांत जास्त काय आवडतं ग?" आणि उत्तर देण्याकरितां माझा हात फोनकडे गेला! मला फार ओशाळल्यासारखें झालें. त्याच रात्रीं पहिली चिठ्ठी लिहिली.

नियम दोनच ठेवले. वस्तु त्याच आठवड्यांत मीं स्वतः वापरलेली, वाचलेली वा पाहिलेली असली पाहिजे. आणि ती यंत्रानें सुचविलेली नसली पाहिजे. पहिले कांहीं महिने चिठ्ठीवर बहुतेक खरेदीच येऊं लागली. नवा दिवा, नवी सुरी, पोळ्या लाटण्याचें विजेचें यंत्र. मामंजी एका रविवारीं शांतपणें म्हणाले, "सूनबाई, ही आवड नव्हे, ही जाहिरात झाली." मग तिसरा नियम केला कीं विकत घेतलेली वस्तु सहा महिने वापरल्याखेरीज चिठ्ठीवर यावयाची नाहीं. पोळ्यांचें यंत्र अर्थातच कधींच आलें नाहीं. तें माळ्यावर आहे.

हळूहळू चिठ्ठी घराची झाली. प्रभातचा 'संत तुकाराम' हा १९३६ चा बोलपट एका आठवड्यांत आला, तेव्हां सासूबाईंनीं तो आपण कोणाबरोबर पाहिला होता याची हकीकत सांगितली आणि त्या रविवारीं जेवणें दोन वाजतां झालीं. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ सालीं सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेंतलें एक व्याख्यान आलें, तेव्हां भाऊजींनीं वक्त्याविरुद्ध तासभर व्याख्यान दिलें. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' मात्र चारदां आली. हें पुस्तक १९७० चें. आमच्या प्रतीचीं पानें हळदीनें पिवळीं झालीं आहेत, आणि वाटीचमच्यांचीं मापें देण्याची त्यांची रीत भाषांतर करणाऱ्यांनींहि शिकण्यासारखी आहे, असें माझें मत आहे. जाऊबाईंचें मत असें कीं पुस्तकावांचून ज्यांना सांजा येत नाहीं त्यांनीं मतें देऊं नयेत.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतें.

आमचा वाडा नारायण पेठेंत आहे. मामंजींच्या आजोबांनीं तो बांधला. लांकडी खांब, मातीच्या जाड भिंती, मधें चौक, मागें परसू आणि आड. असे वाडे कां पडतात हें पुणेकरांना सांगावयास नको. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून भाडें जेथल्या तेथें राहिलें आणि दुरुस्तीचा खर्च दरसाल वाढत गेला, वारस वाढले, खांबांच्या बुडाशीं वाळवी लागली. दोन पावसाळ्यांपूर्वीं मागची भिंत फुगली, तेव्हांच सर्वांना कळून चुकलें कीं आतां हा वाडा राहात नाहीं. एका बांधकाम व्यावसायिकाशीं बोलणें झालें. वाड्याच्या जागीं सहा मजली इमारत होणार, आम्हां वारसांना तींत सदनिका मिळणार, आणि त्यासाठीं इंग्रजींत चाळीस पानांचा करारनामा तयार होऊन आला.

सर्वांच्या सह्या झाल्या. अडून बसल्या त्या आत्याबाई. या मामंजींच्या थोरल्या भगिनी, वय ८६. लहानपणींच वैधव्य आलें, माहेरीं परत आल्या, शिकल्या आणि तीस वर्षें शाळेंत शिकविलें. वाड्यांत त्यांचाहि हिस्सा आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मध्यभागीं डाग पडला आहे. कडेचें दिसतें, परंतु समोर धरलेलें अक्षर दिसत नाहीं. "मी मुलांना जन्मभर सांगत आलें कीं प्रश्नपत्रिका नीट वाचल्याशिवाय लेखणी उचलूं नका," त्या म्हणाल्या. "आतां मीच न वाचतां सही करूं?" भाऊजी म्हणाले, "आत्या, मी वाचून दाखवतों." त्यावर त्यांचें उत्तर मी विसरणार नाहीं. "तूं चांगला आहेस रे, पण तुम्हां सगळ्यांना घाई झाली आहे. घाई झालेला माणूस वाचतांना गाळतो, आणि गाळलेलं त्याला स्वतःलाहि कळत नाहीं."

तेव्हां तो करारनामा मराठींत आणण्याचें काम माझ्याकडे आलें. बिनपैशांचें, हें सांगावयास नकोच. तरी माझ्या व्यवसायाचा घरांतल्या सर्वांना एकदम उपयोग पडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि अकरा दिवस कोणीहि मला दुधाकडे लक्ष ठेवावयास सांगितलें नाहीं.

करारनाम्याला जोडलेल्या एका परिशिष्टांत वाड्यांतील कोणाकडे कोणती जागा आहे तें लिहिलें होतें. इंग्रजींत सारें सोपें करून टाकलें होतें: खोली, खोली, खोली, जाण्यायेण्याची वाट. मी मराठी करूं लागलें तेव्हां मला अडखळल्यासारखें झालें. आमच्या वाड्यांत 'खोली' म्हणून कोणी कशालाच म्हणत नाहीं. ओटी आहे, सोपा आहे, माजघर आहे, कोठीघर आहे, बाळंतिणीची खोली तेवढी आहे, माडी आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे माझे नित्याचे सोबती. मोल्सवर्थची पहिली आवृत्ति १८३१ ची, आणि वाढविलेली दुसरी, सुमारें साठ हजार शब्दांची, १८५७ ची. दाते-कर्वे यांचे सात खंड पुण्यांतच १९३२ ते १९३८ या काळांत निघाले. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठानें संगणकावर सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत, आणि ज्या शब्दासाठीं पूर्वीं ग्रंथालयांत अर्धा दिवस जाई तो आतां निमिषांत सांपडतो. मी प्रत्येक जागेपुढें तिचें खरें नांव लिहिलें.

मग वाचनाचा प्रश्न. आत्याबाईंना माणसाचें वाचन नको होतें, म्हणून पुतणीनें युक्ति काढली. फोनमध्यें मराठी मजकूर मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोय असते. आवाज कोरडा, विरामचिन्हांचा अर्थ त्याला कळत नाहीं, 'क्र.' सारखीं संक्षिप्त रूपें आलीं कीं चमत्कारिक उच्चार करतो. परंतु तो कांहीं गाळीत नाहीं, त्याचा वाड्यांत हिस्सा नाहीं आणि त्याला घाई नाहीं. रोज दुपारीं तीन ते चार आत्याबाई झोपाळ्यावर बसून ऐकत, मधेंच हात वर करीत, पुतणी फोन थांबवी, आणि त्या प्रश्न विचारीत.

पहिल्या दिवशीं त्यांनीं 'चटईक्षेत्र' या शब्दाला थांबविलें. "चटई कोठें अंथरायची आहे?" मीं सांगितलें कीं २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें याची व्याख्या ठरविली आहे. सदनिकेंतील प्रत्यक्ष वापरावयाची जागा मोजतात, बाहेरच्या भिंती आणि सज्जा धरीत नाहींत, परंतु आंतल्या आडभिंतींखालची जागा धरतात. त्या क्षणभर गप्प राहिल्या. "म्हणजे भिंतीखालच्या जागेवर माझी चटई? बरं, पुढं वाचूं दे." तीस वर्षें गणित शिकविलेलें कांहीं वायां गेलें नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं परिशिष्ट आलें. फोन वाचीत होता, आणि आत्याबाईंच्या नांवापुढें 'माजघरालगतची खोली' एवढेंच आलें. त्यांनीं हात वर केला. "आणि माझी पडवी?" आम्हीं नकाशा काढला. माजघराच्या मागच्या भिंतीला लागून, उतरत्या छपराखालीं, नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी ती पडवी. आत्याबाई साठ वर्षें तींत चूल, मग स्टोव्ह, मग गॅस मांडून आपला वेगळा स्वयंपाक करीत आल्या. नकाशांत तिला 'जाण्यायेण्याची वाट' म्हटलें होतें आणि ती सामाईक जागेंत धरली होती. यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें मला वाटत नाहीं. मोजणीला आलेल्या मुलाला परसांत जाण्यासाठीं तींतून जावें लागलें, म्हणून त्यानें वाट असें लिहिलें, आणि त्या एका शब्दानें ५४ चौरस फूट आत्याबाईंच्या हिशेबांतून गेले. आम्ही सर्वांनीं तो नकाशा पाहिला होता. मीं स्वतः तो मजकूर भाषांतरिला होता! खोल्यांचीं नांवें शोधण्याच्या नादांत 'वाट' या शब्दाला मीं 'वाट'च लिहून पुढें गेलें होतें. आत्याबाईंनीं सांगितलें तें घाईविषयींचें वाक्य मला तेव्हां फार लागलें.

दोन्ही कोशांतील 'पडवी'चीं पानें छापून, त्यांना जुनीं वीजबिलें जोडून, भाऊजी तीं घेऊन गेले. दुरुस्ती व्हावयास बारा दिवस लागले, पण झाली.

त्याच सुमारास घर आवरण्यास आरंभ झाला होता, आणि त्यावरून जाऊबाईंचे व माझे थोडे वाजले. त्यांचें म्हणणें अगदीं चुकीचें नव्हतें. वाड्यांतलें सर्व सदनिकेंत मावणार नाहीं. कांहीं द्यावेंच लागेल. पितळेचे हंडे, परातींची चळत, दोन तुटके पाळणे गेले, आणि मला वाईट वाटलें नाहीं. वाद झाला तो तांब्याच्या घंगाळावरून. मोडवाल्यानें तें वजनावर मागितलें. अंग धुण्याचें हें मोठें घंगाळ, दोन बाजूंना कड्या, एका कडीचा जोड सुटलेला आणि पोटाला एक मोठा पोचा. "नव्या न्हाणीघरांत तोटीखालीं उभं राहायचं. हें ठेवणार कुठं, आणि घासणार कोण?" जाऊबाई म्हणाल्या. मला उत्तर सुचलें नाहीं.

बुधवारीं मी आत्याबाईंना आणि पुतणीला घेऊन शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत गेलें. पुणेकरांचें तेथें जाणें पाहुणे आले म्हणजेच होतें. मीहि पंधरा वर्षांनीं गेलें. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला, आणि पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. अकालीं गेलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहाला दिलें, आणि १९७५ सालीं हें सारें महाराष्ट्र शासनाच्या हवालीं केलें. वस्तु वीस हजारांवर आहेत. मांडलेल्या त्यांतल्या थोड्या. कोथरुडहून आणून उभारलेला मस्तानी महाल पाहावयास लोक गर्दी करतात, परंतु मला विशेष वाटतें तें दुसरेंच. या गृहस्थानें अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासण्याच्या वज्र्या असल्या वस्तु जमविल्या. ज्यांना कोणी वस्तु म्हणूनहि मोजीत नव्हतें, त्याच त्याला आवडल्या. कोणीं त्यास सुचविल्या नव्हत्या.

आत्याबाईंना कांचेपलीकडचें दिसेना. पुतणी वर्णन करूं लागली: "आजी, हें पितळेचं आहे, बदकासारखं, आणि खालीं खरखरीत आहे." "वज्री," आत्याबाई म्हणाल्या. "ही छोटी डबी आहे, झांकणाला टोक आहे." "करंडा. कुंकवाचा." असें दीड तास चाललें. एकीला वस्तु दिसत होत्या आणि नांवें ठाऊक नव्हतीं. दुसरीला नांवें ठाऊक होतीं. शेवटीं पुतणी वहींत लिहूं लागली. बाहेर पडतांना आत्याबाईंनीं विचारलें, "आपलं घंगाळ गेलं का ग?"

गेलें नव्हतें. शुक्रवारीं रिक्षांत घालून आम्हीं तें कसबा पेठेंतल्या तांबट आळींत नेलें. पेशवाईंत कोंकणांतून आलेल्या तांबटांची ही वस्ती. पूर्वीं दोन गल्ल्या अलीकडूनच ठोक्यांचा आवाज येई. आतां कांहींच घरांतून येतो. १९२४ सालीं नव्हे, २०२४ सालापासून त्याच पेठेच्या पोटांतून भुयारी आगगाडी धांवते आहे, आणि वर हातोडी चालते आहे! तांब्याचें एक वैशिष्ट्य असें कीं तें ठोकतां ठोकतां कडक होत जातें. फार कडक झालें तर चिरेल, म्हणून मधूनमधून भट्टींत लाल करून तें मऊ करावें लागतें. शेवटीं गोल तोंडाच्या हातोडीनें सर्वांगावर जे बारीक सारखे ठसे उमटवितात त्यास मठारकाम म्हणतात. त्यानें भांड्यास बळकटी येते, आणि उजेड त्या ठशांवर असा खेळतो कीं यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला तें साधत नाहीं. स्वयंपाकाच्या भांड्यास आंतून कल्हई हवी, कारण आंबट पदार्थानें तांबें उतरतें. पाण्याच्या घंगाळास ती लागत नाहीं. चिंच आणि मीठ पुरे, कारण चिंचेच्या आम्लांत वरचा काळा थर विरघळून जातो.

तांबटानें घंगाळ उलटें करून वाजवून पाहिलें. कडी जोडून देतों म्हणाला, "आणि आजी, हा पोचाहि काढून देतों. तापवून आंतून ठोकला कीं निघेल, कळायचंसुद्धां नाहीं."

"पोचा राहूं दे," आत्याबाई म्हणाल्या.

मग रिक्षांत त्यांनीं सांगितलें तें मला ठाऊक नव्हतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचेंहि गेलें, आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. त्या वेळीं आत्याबाई बावीस वर्षांच्या होत्या. माडीवरून सर्वांनीं आपलें घर बुडतांना पाहिलें. पाणी ओसरल्यावर चौकांत कंबरभर गाळ होता. धान्य, पुस्तकें, अंथरुणें, कांहीं राहिलें नव्हतें. चौथ्या दिवशीं गाळ उपसतांना फावड्याला हें घंगाळ लागलें. फावडें धरलें होतें त्यांच्या वडिलांनीं. त्या गाळानें भरलेल्या घरांत पहिलें स्वच्छ पाणी सांठविलें तें याच्यांत.

त्या रविवारची चिठ्ठी अशी होती. एक, केळकर संग्रहालयांतली वज्र्यांची मांडणी. दोन, करारनामा न गाळतां वाचणारा फोन, आणि त्याच्या जोडीला दोन जुने कोश. तीन, पोचा असलेलें घंगाळ. चिठ्ठी वाचून झाल्यावर कोणी बोललें नाहीं. मग जाऊबाई उठल्या, नव्या सदनिकेचा नकाशा घेऊन आल्या, आणि पुतणीला सुतळी आणावयास सांगून त्यांनीं घंगाळाचें माप घेतलें. बावीस इंच. न्हाणीघर चार फूट बाय सहा. "दाराच्या मागं बसेल," त्या म्हणाल्या, "पण दार आंत उघडायचं नाहीं, बाहेर उघडायचं करून घ्या. आणि घासायची पाळी सगळ्यांची." भाऊजींनीं तें दार करारनाम्यांत घालावयास लावलें.

आत्याबाईंनीं गुरुवारीं सही केली. सहीची जागा दिसेना म्हणून पुतणीनें त्यांचें बोट ओळीवर ठेवलें. त्यापूर्वीं फोनकडून शेवटचीं दोन पानें पुन्हां वाचून घेतलीं होतीं.